पेम्ब्रोकशायरमध्ये आठवडाभर लॉज घेताय? आधी भरतीचं कोष्टक बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून सत्तरीतले आई-बाबा येणार, इंग्लंडमधल्या रेडिंगला राहणारा मुलगा-सून, त्यांची आठ आणि चार वर्षांची मुलं, आणि धाकटी बहीण. एकूण सात माणसं. वेल्सच्या पश्चिम टोकाला पेम्ब्रोकशायरला स्वतः स्वयंपाक करता येईल असा लॉज आठवडाभर घ्यायचा आहे. आईचे गुडघे दुखतात, घरात शाकाहारी स्वयंपाक, मुलांना पफिन हे समुद्रपक्षी बघायचे आहेत. लॉज कसा निवडावा, कधी जावं, खाण्याचं काय, किनारा धोक्याचा आहे का, आणि चार रात्री तिथे व तीन रात्री उत्तर वेल्समध्ये असं केलं तर?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. आठवडा तोडू नका. मी बरीच वर्षं मराठी कुटुंबांना या किनाऱ्यावर घरं आणि लॉज ठरवून देतो आहे. पहिल्यांदा येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात सहलीच्या कंपनीसारखी यादी असते: सोमवारी हे, मंगळवारी ते, दुपारी दोन वाजता अमुक पुळण. हा किनारा तसा बघता येत नाही. दुपारी दोन वाजता ती पुळण पाण्याखाली असू शकते.

ब्रिस्टल खाडीच्या आतल्या टोकाशी भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी एक आहे. पेम्ब्रोकशायर त्या खाडीच्या बाहेरच्या बाजूला येतं, म्हणून इथे तो थोडा कमी. तरीही मिलफर्ड हेवनला उधाणाच्या दिवसांत पाणी सरासरी सहा मीटरच्या वर चढतं-उतरतं आणि टेन्बीला साडेसात मीटरच्या आसपास. मुंबईत साडेचार मीटरची भरती येणार म्हटलं की महापालिका इशारा देते, त्यावरून अंदाज घ्या. अर्थ असा की एकाच जागी सकाळी अर्धा मैल रुंद वाळू दिसते आणि संध्याकाळी लाटा थेट दगडगोट्यांच्या बांधावर आपटत असतात.

कोकणातल्या माणसाला तिथीवरून भरती काढता येते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या सुमारास. पेम्ब्रोकशायरमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे पौर्णिमा-अमावस्येच्या पुढच्या एक-दोन दिवसांत मोठी भरती सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या पुढे येते आणि खोल ओहोटी भर दुपारी, बारा ते दोनच्या दरम्यान. म्हणजे मुलांना घेऊन वाळूवर दिवस काढायला सगळ्यात चांगले दिवस तेच. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग (कमी चढ-उताराची भरती) असते, तेव्हा दुपारी भरती येते. वाळू कमी, पण पाणी वर असल्याने होड्या आणि छोटी बंदरं छान दिसतात. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे सात दिवसांत तुम्हाला दोन्ही प्रकारचे दिवस मिळतात. चार दिवसांत फक्त एकच प्रकार हाती येतो. आठवडा तोडू नका म्हणतो ते यासाठी.

तेव्हा तारखा नक्की करण्याआधी कॅलेंडर आणि मिलफर्ड हेवनचं भरतीचं कोष्टक दोन्ही शेजारी ठेवून बघा. एक खोच लक्षात असू द्या: छापील कोष्टकांपैकी काही ग्रीनिच वेळेत असतात, आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर घड्याळ एक तास पुढे असतं. कोष्टकाच्या तळाशी बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचून घ्या. या एका तासापायी माणसं अडकतात.

आता कधी जावं. थोरल्याची शाळा आहे म्हणून पर्याय तीनच: मेअखेरची आठवड्याची सुट्टी, जुलैअखेर ते ऑगस्ट, किंवा ऑक्टोबरअखेर. माझा कौल मेअखेरला. लॉजचे दर त्या आठवड्यात चढलेले असतात, पण ऑगस्टइतके नाहीत. संध्याकाळी साडेनऊच्या आसपासपर्यंत उजेड असतो, कड्यांवर गुलाबी फुलांचे गादीसारखे झुपके फुललेले असतात, आणि पफिन नक्की असतात. स्कोमर बेटावर पफिन एप्रिलमध्ये येतात आणि जुलै संपता संपता समुद्रात निघून जातात. ऑगस्टमध्ये ‘पफिन बघायला आलो’ म्हणणाऱ्या कुटुंबाला मी काय सांगणार? तोटा एकच, समुद्राचं पाणी मे महिन्यात बारा अंशांच्या आसपास असतं. मुलांना पाण्यात डुंबायचंच असेल तर अंगभर वेटसूट भाड्याने घ्यावा लागेल. तसं ऑगस्टमध्येही ते सोळा-सतराच्या वर फारसं जात नाही, तेव्हा फार काही गमावत नाही आहात.

स्कोमरबद्दल इथेच सांगून टाकतो. मार्टिन्स हेवनहून बोट जाते, तिकिटं फार आधी संपतात, बेट सोमवारी बंद असतं (सार्वजनिक सुट्टीचा सोमवार सोडून), आणि धक्क्यावरून वर जायला 87 पायऱ्या आहेत. आईला तिथे नेऊ नका. वारा उत्तरेचा असेल तर बोट लागत नाही आणि फेरी रद्द होते, म्हणून तिकीट आठवड्याच्या सुरुवातीच्या दिवसांतलं घ्या. रद्द झाली तर दुसरा दिवस मिळण्याची आशा तरी राहते. बाकीची मंडळी बेटावर असताना आई-बाबांनी लॉजवर आरामात चहा घ्यावा, यात काही बिघडत नाही. रोज सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायचं हा हट्ट लॉजच्या सुट्टीत सोडून द्यायचा असतो.

जागा कुठली धरावी? पेम्ब्रोकशायर नकाशावर छोटं दिसतं, पण किनाऱ्याची पायवाटच 186 मैलांची आहे आणि रस्ते अरुंद. तीन भाग करता येतात. दक्षिणेला टेन्बी-सॉन्डर्सफूट: दुकानं, रेल्वे स्टेशन, सपाट पुळणी, गर्दी. पश्चिमेला सेंट ब्राइड्स उपसागर, त्याच्या मधोमध ब्रॉड हेवन आणि लिटल हेवन. वायव्येला सेंट डेव्हिड्स आणि त्यापुढे उत्तरेकडचा खडा किनारा, जिथे खरोखरचे कडे आहेत पण चढ-उतारही तितकेच. तुमच्यासाठी मी ब्रॉड हेवनच्या आसपासचा लॉज घेईन. सपाट पुळण पायरीशिवाय गाठता येते, हॅवरफर्डवेस्टची मोठी दुकानं आणि रुग्णालय सातएक मैलांवर आहे, आणि सेंट डेव्हिड्स, मार्टिन्स हेवन, दक्षिणेचे कडे तिन्हींकडे सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं.

पत्ता टाकताना सावध. याच जिल्ह्यात बोशर्स्टनजवळ दुसरं ब्रॉड हेवन आहे, त्याला ब्रॉड हेवन साउथ म्हणतात. तसंच ‘न्यूपोर्ट’ टाकलंत तर नकाशा तुम्हाला एम-4 रस्त्यावरच्या शहरात उतरवेल. पेम्ब्रोकशायरचं न्यूपोर्ट हे उत्तर किनाऱ्यावरचं छोटं गाव, तिथून शंभर मैल पुढे.

वाऱ्याचं गणितही आठवडा वाचवतं. इथला वारा बहुतेक नैर्ऋत्येचा. तो जोरात असेल त्या दिवशी ब्रॉड हेवन, न्यूगेल या पश्चिमेकडे तोंड असलेल्या पुळणींवर वाळू डोळ्यांत जाईल. त्याच दिवशी टेन्बीची नॉर्थ बीच आणि सॉन्डर्सफूट पूर्वेकडे तोंड करून असल्याने बऱ्यापैकी शांत असतात. पाऊस पडतोय म्हणून घरात बसलेली माणसं मी पाहतो आणि वाटतं, अरे, चाळीस मिनिटांवर ऊन असू शकतं. छत्री आणू नका, ती पहिल्या दिवशी उलटी होते. टोपीवालं वारारोधक जाकीट आणा, मे महिन्यातही.

लॉजचे फोटो बघून भुलू नका. लाकडी फळ्यांचं आवरण असलेले, सुट्टीच्या पार्कांतले बरेचसे लॉज कायद्याच्या भाषेत कॅरव्हानच असतात, कारखान्यात दोन भागांत बनवून आणून जोडलेले. त्यात वाईट काही नाही, पण भिंती पातळ असतात आणि ‘आठ जणांसाठी’ म्हणजे कित्येकदा सहा पलंगांवर आणि दोघं बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर. सात जणांना खऱ्या चार झोपायच्या खोल्या, निदान तीन मोठ्या, असल्याची खात्री करा. मालकाला विचारायचे प्रश्न वेगळेच असतात. स्नानगृहात सपाट शॉवर आहे की टबमध्ये पाय टाकून उभं राहायचं? गुडघेदुखी असलेल्या बाईसाठी टबची उंच कड हा या सुट्टीतला सगळ्यात मोठा धोका आहे, कड्यांपेक्षा मोठा. दारापर्यंत किती पायऱ्या? लॉज सहसा जमिनीपासून वर उचललेला असतो, आणि ‘खालच्या मजल्यावर सगळं’ असं जाहिरातीत लिहिलं तरी ओट्याला चार पायऱ्या असतातच. गरम पाणी टाकीतलं की लागेल तसं तापणारं? सात आंघोळी टाकीतल्या पाण्यावर सलग होणार नाहीत. चादरी-टॉवेल भाड्यात धरलेत का? तिथे मोबाइलला रेंज येते का, की फक्त वाय-फाय? टब-बाथची सवय नसलेल्यांसाठी प्लास्टिकचा मग आणि छोटी बादली गाडीत टाका. ती तिथे मिळणार नाही.

अंगणातल्या गरम पाण्याच्या हॉट टबसाठी जादा पैसे मोजू नका. चार वर्षांच्या मुलाला त्यात सोडता येत नाही, आई-बाबा उतरणार नाहीत, आणि उरलेल्यांनी दोनदा वापरून तिसऱ्या दिवशी झाकण उघडलेलं नसतं.

आता स्वयंपाकघर. आपल्या कुटुंबांची अर्धी सुट्टी इथे ठरते. चूल कुठली ते आधी विचारा: गॅस, विजेच्या तापणाऱ्या चकत्या की इंडक्शन. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर आणि ॲल्युमिनियमचा तवा बिनकामाचे. बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघा. चिकटला तर भांडं चालेल. लॉजमध्ये भरपूर ताटल्या, वाइनचे पेले आणि बटाट्याची सालं काढायचं यंत्रही असतं, पण पोळपाट-लाटणं, कुकर, किसणी आणि मोठं पातेलं नसतं. ते रेडिंगहून घेऊन जा. मसाल्याचा डबा, डाळी, तांदूळ, कणीक, पोहे, रवा हेही तिथूनच. हॅवरफर्डवेस्टच्या सुपरमार्केटात भाजी, दूध, दही, ब्रेड, चीज, तूरडाळीच्या जवळपासची कुठलीशी डाळ मिळेल, पण कढीपत्ता आणि भाकरीचं पीठ मिळेल या आशेवर राहू नका. नाशिकहून येणाऱ्यांना सांगा: भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी विमानतळावर टाकून द्यावी लागतील. चिवडा, चकली, कोरडे मसाले आणा.

फोडणीचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. लॉजची बैठक आणि स्वयंपाकघर एकच, छप्पर खाली, धुराची सूचना देणारं यंत्र ओट्यापासून जवळ. तेल तापून मोहरी तडतडली की ते किंचाळायला लागतं. त्याची बॅटरी काढू नका आणि त्यावर फडकंही बांधू नका. गॅसवर चालणाऱ्या, लाकडाच्या शेगडीच्या लॉजमध्ये ते आणि कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र दोन्ही चालू असणं गरजेचं आहे. उपाय साधा: आधी खिडकी उघडा, पंखा लावा, मग तेल ठेवा, आणि आठवड्याचं तळण कमीत कमी. घरून दोन-तीन भाज्यांचा मसाला परतून, गार करून डब्यात नेलात तर तिथे धूर जवळजवळ होत नाही. पांढऱ्या ओट्यावर हळदीचा डाग पडला तर लगेच पुसा. रात्रभर राहिला तर जात नाही आणि अनामत रकमेतून कापला जातो. बरेच लॉज गावाच्या गटाराला जोडलेले नसतात, मैल्याची स्वतःची टाकी असते, म्हणून उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका आणि ओले वाइप्स संडासात टाकू नका.

पहिल्या दिवशीचं किराणा नियोजन मात्र नीट करा. लॉज सहसा दुपारी चारला मिळतो. रेडिंगहून अंतर दोनशे मैलांच्या वर, थांबे धरून पाच तास. शनिवारी संध्याकाळी दमून पोहोचलात आणि ‘उद्या सकाळी खरेदी’ म्हटलंत तर अडाल: इंग्लंड-वेल्समध्ये मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी असतात, तीही सकाळी दहाच्या आधी नाही. एकतर सुपरमार्केटची घरपोच डिलिव्हरी थेट लॉजच्या पत्त्यावर संध्याकाळी सहानंतरची नोंदवून ठेवा, किंवा पहिल्या रात्रीची खिचडी आणि दुसऱ्या सकाळचा नाश्ता गाडीतच असू द्या.

गाडी चालवणाऱ्यासाठी दोन गोष्टी. सप्टेंबर 2023 पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 20 मैल आहे. इंग्लंडच्या सवयीने 30 वर गेलात तर दंडाचं पत्र रेडिंगला येईल. आणि शेवटच्या पाच मैलांत उंच कुंपणांच्या मधून एकच गाडी जाईल इतकी वाट असते. समोरून कोणी आलं की ज्याला जागा जवळ त्याने मागे घ्यायचं. सात माणसांची मोठी गाडी भाड्याने घेणार असाल तर मागे घेण्याचा सराव आधी करून या. वाहनतळांवर पैसे भरायचं ॲप रेंज नसल्याने चालत नाही, म्हणून नाणी ठेवा.

धोक्याचं विचारलंत. कडे धोकादायक आहेत, पण लोक सहसा कड्यावरून पडून नव्हे तर पाण्याने कोंडले जाऊन अडचणीत येतात. तुमच्या लॉजपासूनच उदाहरण देतो. ओहोटीला ब्रॉड हेवनहून वाळूवरून चालत लिटल हेवनला जाता येतं, फार सुंदर वाट आहे, मुलांना खडकांतल्या डबक्यांत खेकडे सापडतात. पाणी फिरलं की मधली टोकं आधी बुडतात आणि मागे कडा असतो. नियम असा ठेवा: ओहोटीच्या वेळेआधी दीड तास निघायचं, आणि ओहोटीचा क्षण आला की परतायला लागायचं, खेकडा कितीही चांगला असो. भरती सुरुवातीला हळू आणि तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात वेगाने चढते. पहिला तासभर काही होत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो. मार्लोझ सँड्सलाही हेच.

पोहायचं असेल तर जीवरक्षक असलेल्या पुळणीवर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही. फुगवलेल्या होड्या आणि गाद्या घरी ठेवा, किनाऱ्याकडून वारा सुटला की त्या मुलासकट आत जातात. कड्याच्या अगदी पायथ्याशी चटई अंथरू नका, दगड सुटतात. ग्रीन ब्रिज ऑफ वेल्स ही प्रसिद्ध चुनखडीची कमानसुद्धा ऑक्टोबर 2017 च्या ओफेलिया वादळात बाहेरचा मोठा तुकडा गमावून बसली. कोणी अडकलेलं दिसलं तर 999 लावून ‘कोस्टगार्ड’ मागायचा. स्वतः पाण्यात उतरायचं नाही.

आईंना काय दाखवावं ते सांगतो, कारण ‘गुडघे दुखतात, मग किनारा कसा बघणार’ हे वाक्य मी फार ऐकलंय. ग्रीन ब्रिज आणि शेजारचे स्टॅक रॉक्स वाहनतळापासून थोड्याच पावलांवर आहेत, वाट जवळजवळ सपाट. मेअखेरीस त्या सुळक्यांवर हजारो गिलेमॉट पक्षी खच्चून बसलेले असतात, त्यांचा कलकलाट वरून ऐकू येतो. मात्र हा भाग कॅसलमार्टिनच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात येतो. लाल झेंडा असेल तेव्हा रस्ता बंद. शनिवार-रविवारी आणि संध्याकाळी तो बहुधा उघडा असतो, तरी आदल्या दिवशी सूचना बघून निघा. उत्तरेला पुलग्वायलॉडहून कुम-अर-एग्ल्विसपर्यंत दरीतून जाणारी वाट चाकांच्या खुर्चीलाही चालते. दोन्ही टोकांना समुद्र, आणि दुसऱ्या टोकाला 1859 च्या वादळात मोडलेल्या चर्चची एकच भिंत उभी आहे. सॉन्डर्सफूटहून वाइझमन्स ब्रिजकडे जाणारी सपाट वाट जुन्या कोळशाच्या रेल्वेच्या बोगद्यांतून जाते, चार वर्षांच्या मुलालाही ती झेपते; दरड पडल्यावर कधी कधी बंद ठेवतात. बाराफंडल मात्र सोडा. फोटोत स्वर्ग दिसतो, पण स्टॅकपोल कीपासून अर्धा मैल चढ-उतार, मग लांब पायऱ्या, आणि पुळणीवर शौचालय नाही. ते मुलगा-सुनेने पहाटे दोघंच जाऊन बघावं, मुलं आजी-आजोबांकडे ठेवून.